आधी खात्री, मग आमेन

थोमामास्तर मला दिसण्याआधी ऐकू आले. सांगलीपासून तासाभरावरच्या मिशनच्या शाळेत गणित शिकवायला मी रुजू झाले, तो जूनमधला पहिलाच दिवस होता. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतून पेटीचा एकच सूर येत होता. पुढे सरकत नव्हता, मागे येत नव्हता. माझा आणि सुराचा संबंध कुकरच्या शिट्टीपुरता, त्यामुळे मला वाटलं पेटीची पट्टी अडकली असावी. खिडकीतून डोकावले तर चाळीसेक मुलं सतरंजीवर बसून, माना खाली घालून कागदावर एकेक लांब वळणदार रेघ ओढत होती. समोर एक किडकिडीत गृहस्थ डाव्या हाताने भाता हलवत होते आणि उजव्या हाताचं एक बोट काळ्या पट्टीवर दाबून धरलं होतं. चेहरा घरात तार आल्यासारखा. त्यांनी बोट उचललं, सूर थांबला, आणि चाळीस पेन्सिली एकदम कागदावरून उचलल्या गेल्या.

मला पाहताच ते लगबगीने बाहेर आले. "बाई, आवाजाचा तरास झाला का? मोठ्या बाईंना सांगू नका, खिडकी लावून घेतो."

"नाही हो, मी सहज बघत होते."

"नक्की न्हाई ना?"

"नक्की नाही."

तरी त्यांनी खिडकी लावलीच. कडी घातली, ओढून पाहिली, काढली, परत घातली आणि स्वतःशीच पुटपुटले, "आधी खात्री, मग आमेन." नंतरच्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आजही गॅसचं बटण बंद करताना ते माझ्या तोंडातून निघतं.

थोमा भागाजी खंडागळे. मूळ फलटणकडचे. वडील तिथल्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात, रविवारी भजनाला पेटी धरायचे. बोटं तिथून आली. हात मात्र साखर कारखान्यावर तयार झाला. सुट्टीत उसाच्या बैलगाड्यांवर नंबर रंगवायचं काम ते करायचे. पुढे साताऱ्याला राहून चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स केला. एकाच माणसाला दोन्ही येतं म्हटल्यावर शाळेने चित्रकला आणि संगीत दोन्ही त्यांच्या गळ्यात घातलं, आणि दोन्हीला मिळून खोली एकच दिली. एका तासाला तिथे गाणं आणि पुढच्या तासाला रंग. कुठला तास कधी संपला हे मुलांना कळेनासं झालं, आणि हळूहळू मास्तरांनाही. त्यातूनच ती सूर लावून रेघ ओढायची रीत निघाली.

"रेघ म्हंजी श्वास हाय गड्यांनो," ते मुलांना सांगायचे. "मधी तुटला तर मानूस जातं. सूर हाय तवर पेन्सिल उचलायची न्हाई. सूर थांबला की रेघ थांबली." खोडरबर कुणी मागितला की म्हणायचे, "रबर म्हंजी पश्चात्ताप. रोज उठून करायचा नसतो." सूर नेहमीचा एकच, काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. मुलांचे गळे तिथेच बसतात, म्हणून हातही तिथेच बसतील, असा त्यांचा हिशेब. मी भूमिती शिकवणारी. माझ्या हातात फूटपट्टी, कंपास, कोनमापक. मी त्यांना चिडवायचे, "मास्तर, तुमची रेघ मोजता येत नाही." ते लगेच काळजीत पडायचे. "मग चुकीची असंल का हो?"

काळजी हा त्या माणसाचा तिसरा विषय होता. एप्रिलमध्ये छत्री, पावसाळ्यात दोन छत्र्या. नावाचीही त्यांनी जबाबदारी घेतली होती. येशूचा एक शिष्य थोमा. जखमेत बोट घातल्याशिवाय त्याचा विश्वास बसेना. ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली आणि वर म्हणाले, "आईबापानं नाव ठिवलं तवाच माझं काय व्हणार ते ठरलं बगा." त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, हे सगळं पाठ होतं. त्या पदर तोंडाला लावून सांगायच्या, "लग्नात पाद्रीसाहेबांनी इचारलं, हिला पत्करतोस का? तर हे म्हनले, परत एकदा सांगा. समदं देऊळ हसलं." मास्तर अशा वेळी शांताबाईंकडे बघायचे आणि विचारायचे, "गोळी घेतली का?"

पहिल्या वर्षी आम्ही सहल घेऊन साताऱ्याला गेलो. किल्ला चढून उतरलो, एसटी स्टँडवर मुलांना रांगेत उभं केलं. मास्तर प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचे, नुसत्या नजरेने मोजणं त्यांना पटत नसे. मोजलं तर एक मूल जास्त. परत मोजलं, परत एक जास्त. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "बाई, कुनाचं तरी पोर आपल्यात आलंय. तिकडं आई रडत आसंल." तिसऱ्यांदा मोजताना माझ्या लक्षात आलं. मी उंचीने बेताची, रांगेच्या टोकाला उभी, आणि ते दर वेळी माझ्याही डोक्यावर हात ठेवून पुढे जात होते. मी सांगितल्यावर सगळी मुलं पोट धरून हसली. मास्तर मात्र हसले नाहीत. "तुमी व्हता व्हय? बरं झालं. पोर हरवलेलं न्हाई," म्हणाले आणि चौथ्यांदा मोजायला लागले.

शांताबाईंच्या हृदयाची झडप खराब होती. दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागे. आमच्या गावाहून मिरज जवळ, सकाळी जाऊन दुपारी परत येता यायचं. मास्तरांच्या सगळ्या काळज्यांमध्ये ही एकच खरी होती, आणि नेमकी तिच्याबद्दल ते कधी बोलत नसत. मला कळलं ते दुसऱ्या वर्षी, मोठ्या बाईंच्या ऑफिसात. संस्थेच्या मंडळाचं पत्र आलं होतं. जतच्या शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवणारं कुणी नाही, तेव्हा खंडागळे यांना तिकडे पाठवावं. इथली चित्रकला कुणीही घेईल. मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, तोंडाने फटकळ पण आतून मऊ. त्यांनी मंडळाशी भांडून एक अट पदरात पाडून घेतली होती. सरकारी एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेला आमची मुलं कधी बसलीच नव्हती. या वर्षी बसवा, निम्म्याहून जास्त पास झाली तर मास्तर इथेच. नाहीतर दिवाळीनंतर जत.

"जत म्हंजी माझं निनवे," बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. देवाने योनाला निनवे शहरात जायला सांगितलं आणि तो पळून गेला, ती गोष्ट. "मी जाईन ओ बाई. तिकडं बी पोरंच हायेत. पन हितनं दीड तासात मिरज. तिकडं लांब तिला काय झालं, आन गाडी मिळाली न्हाई तर?" व्हरांड्यातली घंटा दोरीला नीट बांधलेली आहे का, ते हात लावून बघत राहिले.

आठवीची चाळीस मुलं त्यांनी घेतली. त्यात बोर्डिंगमधली ख्रिस्ती मुलं होती, आसपासच्या ऊसपट्ट्यातली होती, मेंढरामागून आलेला एक जण होता. शाळा सुटल्यावर रोज दोन तास. अक्षरलेखनात मास्तरांचा बैलगाड्यांवरचा हात कामाला आला. भूमितीचा भाग मी घेतला. नक्षीकामाच्या लांब वेली आणि वस्तुचित्रातला घडा ही मास्तरांची खरी कमाई होती. रूथ नावाची एक मुलगी घडा काढायला बसली की मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. घड्याच्या गळ्यापासून बुडापर्यंत एकच रेघ, कुठे अडखळणं नाही. मला वाटलं, आपण जिंकलो.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना एका दुपारी मास्तर शांताबाईंना घेऊन मिरजेला गेले आणि सराव परीक्षा मी घ्यायची ठरली. मी कागद वाटले, मधोमध घडा ठेवला आणि म्हटलं, करा सुरू. मुलांनी पेन्सिली टेकवल्या. आणि थांबली. एकमेकांकडे बघायला लागली. मी दरडावलं तेव्हा रेघा निघाल्या, पण कशा? वीतभर गेली की तुटायची, परत जोडायची, परत तुटायची. रूथचा घडा तर कुणी आपटून परत चिकटवल्यासारखा दिसत होता. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, पेटी नाही."

परीक्षेच्या हॉलमध्ये पेटी नसते. इतकी साधी गोष्ट त्या चिंतातुर माणसाच्या लक्षात आली नव्हती. कड्या-कुलपं तीनदा तपासणाऱ्याच्या आणि, खरं सांगायचं तर, माझ्याही. ते कागद मास्तरांना दाखवावेत की नाही याचा विचार मी संध्याकाळपर्यंत केला. शेवटी दाखवले. त्यांनी चाळीसच्या चाळीस पाहिले, मग उलट्या क्रमाने परत पाहिले.

"म्हंजी मी पोरांना कुबड्या दिल्या व्हय, बाई?"

मी कागद गोळा करून फडताळात ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उपाय सुरू केला. तसला उपाय जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. पेटी त्यांनी वर्गातून उचलून दारात ठेवली. पुढच्या दिवशी व्हरांड्यात. मग पायरीखाली, मग चिंचेखाली. रोज दहा पावलं लांब. चारची घंटा झाली की ते सूर लावायचे. ज्याला ऐकू येईल त्याने डावा हात वर करायचा आणि मग उजव्याने रेघ सुरू करायची. वर्गात मी. मुलं कान टवकारून बसायची, रोज सूर बारीक होत जायचा आणि रोज हात वर व्हायला थोडा जास्त वेळ लागायचा. काम झालं की मास्तर धापा टाकत वर्गात यायचे. "ऐकू आलं?" "आलं!" "समद्यांना?" "समद्यांना!" "नक्की?" तीन वेळा विचारल्याशिवाय ते पेटीला कुलूप लावत नसत. मी रात्रंदिवस एकच धास्ती घेऊन फिरत होते. सूर पुसट होत होत जिथे संपेल, तिथे रेघही संपली तर?

शेवटच्या दिवशी पेटी देवळाच्या मागे, दफनभूमीच्या भिंतीपलीकडे जायची होती. मास्तर पेटी खांद्यावर घेऊन गेलेले मी पाहिले. चारची घंटा झाली. वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती. एक मिनिट गेलं असेल. मग रूथचा हात वर गेला. मग तिच्या शेजारच्या मुलीचा, मग मागच्या रांगेचा, मग सगळ्यांचे. फार लांबून, फार बारीक. माझाही हात वर गेला होता हे मला नंतर जाणवलं. मुलांबरोबर मीही रोज करत असे. चाळीस पेन्सिली निघाल्या आणि वेलीच्या टोकाशी एकदम उचलल्या गेल्या. एकही रेघ तुटली नव्हती.

मास्तर आले ते उशिरा आणि रिकाम्या हाताने. चेहरा पार उतरलेला. "ऐकू आलं?" त्यांनी विचारलं. "आलं!" "समद्यांना?" "समद्यांना!" ते मुलांकडे बघत राहिले. "शाब्बास," म्हणाले आणि निघून गेले. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला वाटलं, शांताबाईंना बरं नसेल. दुसऱ्या दिवशी पेटी मिरजेला दुरुस्तीला गेल्याचं कळलं. भाता जुना झाला होता म्हणे.

परीक्षा सांगलीच्या एका मोठ्या शाळेत होती. आलेल्या प्रत्येक शाळेने चित्रकलेचा सोडून दुसरा एक शिक्षक पर्यवेक्षणाला द्यायचा होता, म्हणून मी हॉलमध्ये. मास्तर फाटकाच्या आतसुद्धा आले नाहीत. "माझ्या गळ्यातनं चुकून सूर निघाला तर कॉपी व्हईल," म्हणाले आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसले. नक्षीकामाचा पेपर. घंटा झाली. मुलं नुसती बसून. रूथने डोळे मिटले, डावा हात टेबलावरून चार बोटं उचलला आणि पेन्सिल टेकवली. तिच्यामागून सगळ्यांनी. थोड्या वेळाने केंद्रप्रमुख माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "बाई, तुमची पोरं एकदम हात उचलत्यात आन एकदम थांबत्यात. काय खूण-बिण ठरलीय काय?"

"नाही सर. सवय आहे त्यांची."

ते दोन रांगांमधून तीन फेऱ्या मारून आले, बाकांखाली वाकून पाहिलं, एकाच्या कंपासपेटीचं झाकण उघडून पाहिलं. सापडण्यासारखं काही नव्हतंच.

निकाल आला तेव्हा मोठ्या बाईंनी यादी प्रार्थनेनंतर वाचून दाखवली. सहा सोडून सगळी पास. रूथला 'अ' श्रेणी. मुलांनी इतका गोंगाट केला की प्रार्थनेच्या हॉलमधली कबुतरं उडाली. मास्तरांनी यादी हातात घेतली, तीनदा वाचली, नापास झालेल्या सहा जणांची नावं चौथ्यांदा वाचली. आता ते आपलं नेहमीचं वाक्य म्हणणार म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. ते काही म्हणाले नाहीत. यादी घडी करून परत दिली. जत टळलं. शांताबाई त्यानंतर चार वर्षं होत्या, आणि दर पंधरा दिवसांनी मास्तर त्यांना मिरजेला नेत राहिले. वर्गातली पेटी मात्र त्यांनी चित्रकलेच्या तासाला परत कधी उघडली नाही. मुलांनी फार मागे लागल्यावर म्हणायचे, "आता तुमची तुमाला ऐकू येतीया."

पुढे माझी नोकरी साताऱ्याला झाली. मग बरीच वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले, एकटे झाले, आणि एक दिवस मोठ्या बाईंचं पत्र आलं की थोमा मिरजेला दवाखान्यात आहेत, भेटून जा. ते गेले त्याच्या आठवडाभर आधीची ही गोष्ट. मी दुपारी पोहोचले. ज्या दवाखान्यात शांताबाईंना आणायचे त्याच दवाखान्याच्या खाटेवर ते पडून होते, आणखी किडकिडीत. मी एसटीने आले का, तिकीट जपून ठेवलं का, परतीची गाडी किती वाजता, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"बाई, एक सांगायचं राह्यलंय. त्या शेवटच्या दिशी मी पेटी वाजिवलीच न्हवती."

मला आधी कळलंच नाही कुठला दिवस.

"भिंतीवरनं उतरवताना हातातनं सुटली. भाता फाटला. घंटा झाली, तिकडं पोरं वाट बगत्यात, आन मी थडग्यांच्या मधी फाटका भाता धरून बसलेला. पळत येऊन सांगायला पायजे व्हतं. पाय उचललं न्हाईत. वर्गात आलो तर पोरं म्हनली, ऐकू आलं. समदी. आन मी शाब्बास म्हनलो." त्यांना दम लागला. "म्हंजी पोरं माझ्यासाठी खोटं बोलली. मीबी बोललो. त्याच्यावर निकाल लागला, त्याच्यावर मी हितं राह्यलो, शांता चार वर्सं जगली. ती चार वर्सं चोरीची व्हती का हो, बाई?"

इतकी वर्षं हा माणूस ही एक कडी मनातल्या मनात ओढून बघत होता. मला रडू आलं, आणि रागही आला की याने तेव्हाच का विचारलं नाही. मी गणिताची बाई. सिद्ध करता येत नाही ते बोलायचं नाही, असं वीस वर्षं मुलांना सांगत आले. पण त्या दिवशी वर्गात मी होते. तो सूर मी ऐकला होता. तो वाजलाच नव्हता हे आता कळूनसुद्धा, आठवायला गेलं की तो तसाच येतो, फार लांबून, फार बारीक.

"मास्तर, त्या दिवशी माझाही हात वर होता."

ते मान उचलून बघायला लागले. "तुमचाबी?"

"तुम्ही साताऱ्याला मला मोजलं होतं ना मुलांमध्ये? मग? मलाही ऐकू आला."

"तुमाला तर सूर कळत न्हाई."

"म्हणून तर सांगते. माझ्यासारखीला ऐकू आला म्हणजे मुलांना आलाच असणार. कुणी खोटं बोललं नाही."

आता ते तीनदा विचारणार हे मला माहीत होतं आणि मी तयार होते. त्यांनी एकदाच विचारलं. "कंचा व्हता?"

"काळी एक."

त्यांनी डावा हात खाटेच्या कडेला नेला आणि भाता हलवल्यासारखा सावकाश हलवला. उजव्या हाताचं बोट चादरीवर एका जागी दाबून धरलं. बराच वेळ. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बघत होता, नर्स औषधाची ट्रॉली घेऊन पुढे गेली. मग त्यांनी बोट उचललं.

"आमेन," म्हणाले.

मी पिशवी उचलली. दारापाशी थांबून मागे वळून पाहिलं, परत काही विचारतील म्हणून. ते डोळे मिटून पडले होते.